नाही कोणी म्हटलं

दवाखान्याच्या व्हरांड्यात सिस्टर ओरडली, "तीन नंबरचा नवरा नाही म्हणून राहिला!"

मी काहीच म्हटलं नव्हतं. तीन नंबरच्या खाटेवर माझी बायको शकुन होती, आणि 'नाही' ती म्हणाली होती. मी फक्त तिचं बोलणं आतून बाहेर आणलं. सिस्टरच्या तोंडातून ते निघालं तेव्हा माझं होऊन निघालं. बाकावर बसलेल्या लोकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यात शकुनच्या माहेरच्या गावचा पुंजाराम होता. त्याची सून आत भरती होती. त्याने ऐकलं, गावी जाऊन सांगितलं, आणि पुढचं सगळं त्यावरून झालं.

मी बंडू. परतवाड्याहून सेमाडोहपर्यंत शेअरची जीप चालवतो. जीप रऊफची, मी त्याचा ड्रायव्हर आणि दोस्त. लिहिणं माझं काम नाही. पण ही गोष्ट जो तो आपल्या सोयीने सांगतो, म्हणून लिहितो.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि दुसरं सासरी. शकुनचं माहेर अकोटच्या पलीकडचं. पहिल्या मुलीच्या, दीपमालाच्या वेळी तिची आई, लीलाबाई, तिला घेऊन गेली आणि कळा सुरू झाल्यावर अकोल्याच्या एका दवाखान्यात नेलं. मला फोन आला तो मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत असा. मी पेढे घेऊन गेलो. शकुन भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं थकली असेल. तिचा मोठा भाऊ शेषराव व्हरांड्यात सगळ्यांना सांगत होता, "काही तरास नाही झाला. एकदम नार्मल." धाकटा गोपाल पेढे वाटत होता.

खरं काय झालं ते तिने मला दीपमाला चालायला लागल्यावर सांगितलं. मी सहज म्हणालो होतो, आता हिला भाऊ पाहिजे. शकुन मिरच्यांची देठं काढत बसली होती. ती थांबली नाही. देठं काढता काढताच बोलली.

"मले टेबलावर उताणं पाडलं. मी म्हटलं, बसू द्या, पाठीत लय कळ येते. तं एक सिस्टर म्हणे, नवऱ्यापाशी झोपताना नाही आली कळ? अन् थोबाडीत मारली. मी ओरडली तं दुसऱ्या गालात मारली. मंग एक जाडी बाई स्टुलावर चढली अन् कोपरानं मायं पोट दाबलं. कनिक रगडते ना, तसं. वरून खाली, वरून खाली. मले वाटलं बरगड्या मोडल्या. खालून कापलं ते विचारलं बी नाही. टाके मारले तवा बधिर नाही केलं. मी पाय झाडले तं पाय बांधले."

"तुयी आई कुठी होती?"

"आतच होती."

"मंग?"

"मंग काय मंग? हात कोणाले धरायले लावले असतीन?"

तिने देठं सुपात भरली आणि उठून फेकून आली.

त्यानंतर लीलाबाई घरी आल्या की मला त्यांच्याशी नीट बोलता यायचं नाही. शकुन मात्र त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायची. मला म्हणायची, "तिले काय माहीत? तिले वाटलं असंच करा लागते. तिचं बी तसंच झालं असीन." भावांना तिने यातलं काहीच सांगितलं नाही. असल्या गोष्टी भावांना सांगत नाहीत.

पुन्हा दिवस गेले तेव्हा ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "दवाखान्यातच जाईन. घरी नाही करत, मले मरायचं नाही. पण मायावर हात टाकायचा तं मले विचारून टाका लागीन."

रऊफची बायको आबेदाभाभी म्हणाली, "सिझर कर, सरळ. माये दोन्ही सिझरच झाले. पोट कापतात, पण थोबाडीत तं नाही ना मारत कोणी."

शकुनने यावर पुष्कळ दिवस विचार केला. जेवताना, झाडताना, मध्येच बोलायची. कधी म्हणायची बरंच होईल, सुई टोचली की काही कळत नाही. कधी म्हणायची, मग पाणी कोण भरीन, दीपमालाले कोण उचलीन. शेवटी म्हणाली, "लागलं तं करीन. पण भेव वाटते म्हणून नाही करत. भेवानं कापून घेतलं तं अकोल्यावाल्या जितल्या."

आबेदाभाभीच्याच ओळखीने आम्ही अमरावतीला एका मॅडमकडे गेलो. मॅडमनी तपासलं. मग शकुनने घरून ठरवून आणलेलं एका दमात सांगून टाकलं. कळा येतील तेव्हा फिरू द्यायचं. उताणं पाडून ठेवायचं नाही. पोट कोणी दाबायचं नाही. कापायचं तर आधी सांगायचं. मारायचं नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "बाई, हे हॉटेल आहे का ऑर्डर द्यायला?"

"हॉटेलात तं विचारतात मॅडम, काय पाहिजे म्हणून."

मी मान खाली घातली. वाटलं, आता हाकलून देतील. पण मॅडम हसल्या. "आणि मारतं कोण इथे?"

"इथचं मले काय माहीत? अकोल्याले मारलं होतं."

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाल्या, "हे बघ शकुन. फिर, बस, उभी राहा, माझी काही हरकत नाही. कापायची वेळ आली तर सांगून कापेन. पण बाळाचे ठोके उतरले तर मी तुझ्याशी वाद घालत बसणार नाही."

"ठोके उतरल्यावर मी कावून वाद घालीन? माया जीव हाये तो. फक्त मले सांगा. मी हो म्हणीन, मंग करा."

"आणि नाही म्हणालीस तर?"

"तं नाही. पोट मायं हाये."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"मायं काय मॅडम," मी म्हणालो, "पोट तिचं हाये."

बाहेर आल्यावर शकुन म्हणाली, "बरं झालं, लंबं भाषण नाही केलं."

कळा सकाळी सुरू झाल्या. दीपमालाला आबेदाभाभीकडे ठेवलं आणि रऊफने जीप काढली. शकुन मधल्या सीटवर बसली होती. कळ आली की माझ्या दंडात नखं रुतवायची. रऊफ आरशातून म्हणाला, "वहिनी, सीट नका फाडू, कव्हर नवीन हाये."

"तुमच्या दोस्ताचं कातडं फाडून राहिली," ती म्हणाली. "सीटले हात नाही लावला."

दवाखान्यात पोचलो तर मॅडम नागपूरला गेलेल्या. दुपारनंतर येतील, असं कळलं. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि एकाच वेळी चार बायका कळा देत होत्या. शकुन भिंतीला हात टेकून फिरत होती. सिस्टर दोनदा म्हणाली, झोप. शकुन म्हणाली, मॅडमनं फिरू द्या म्हटलं. सिस्टर म्हणाली, मॅडम इथे आहेत का?

दुपारी डॉक्टर बाहेर आला आणि मला म्हणाला, "पुढे सरकत नाहीये. सिझर करून घेऊ. सही करा."

"तिले सांगितलं काय?"

"ती कळांमध्ये आहे, तिला काय कळतंय? तुम्ही सांगा, हो की नाही?"

"मी तिले विचारून येतो."

त्याने हात झटकला. "विचारा. लवकर."

मी आत गेलो, डॉक्टर मागून आला. शकुन खाटेच्या कडेला बसली होती. केस भिजून कपाळाला चिकटले होते, पण डोळे जागेवर होते. मी सांगितलं. तिने डॉक्टरलाच विचारलं, "ठोके कसे हायेत?"

"सध्या ठीक आहेत."

"मंग आत्ता नाही. मॅडमले फोन लावा. ठोके उतरले तं करा, पण मले सांगून करा. मी हो म्हणीन."

मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "जाऊन सांग त्याइले."

डॉक्टर तिच्यासमोर उभा होता, तरी ती असं म्हणाली. तिला कळलं होतं की तिचं ऐकलं गेलेलं नाही. मी बाहेर आलो आणि दाराशी उभ्या सिस्टरला म्हणालो, "ती नाही म्हणते. आत्ता नाही."

सिस्टरने ते व्हरांड्यात कसं ओरडून सांगितलं ते मी वर लिहिलं आहे.

दार बंद झालं. मी दाराला कान लावून उभा होतो. आधी तिचं कण्हणं येत होतं. मग सिस्टरचा आवाज आला, "नवऱ्याला सिझर नको, तर मग लाव जोर! लाव!" सलाईन वाढवा असं कोणी म्हणालं. स्टूल फरशीवर घासत सरकवल्याचा आवाज आला, आणि शकुन किंचाळली. ती कळेची किंचाळी नव्हती. "दाबू नका! नका दाबू! विचारलं नाही तुमी!"

मी दार ढकलून आत गेलो. एक आया स्टुलावर चढून शकुनच्या पोटावर वाकली होती. कोपर पोटात रुतलेलं, सगळा भार कोपरावर. दोघींनी पाय दाबून धरले होते. आणखी एकीचा हात शकुनच्या तोंडावर होता. शकुनने त्या हाताचा चावा घेतला आणि त्या बाईने तिच्या कानशिलात मारली.

मी आयाला खांद्याला धरून खेचलं. ती स्टुलासकट पडली, ट्रे खणखणत फरशीवर गेला. मागून वॉर्डबॉयने माझा गळा आवळला. मी डोकं मागे मारलं, त्याचं नाक फुटलं, माझ्या मानेवर गरम रक्त आलं. आणखी कोणीतरी आलं. माझे दोन्ही हात पिरगाळून त्यांनी मला ओढत नेलं आणि माझं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. डोळ्यांत रक्त उतरलं. आया उठून परत स्टुलावर चढत होती. शकुनने मान वळवली होती. ती आता ओरडत नव्हती. एवढंच म्हणत होती, "मले विचारा ना. विचारा ना मले."

मुलगा झाला. रडला. त्याचा आवाज मी बाहेर फरशीवर पडून ऐकला. वॉर्डबॉय माझ्या पाठीवर गुडघा रोवून बसला होता, आणि त्याच्या नाकातलं रक्त माझ्या कॉलरवर गळत होतं. "पोट्टा झाला," तो म्हणाला, "आता तं शांत राय ना बे."

मग आत धावपळ सुरू झाली. बोळे, कपडे, आणखी कपडे. रक्त खाटेवरून फरशीवर आलं. एक सिस्टर बाहेर पळत आली, तिच्या चपलांचे लाल ठसे व्हरांड्यात उमटले. मॅडम आल्या त्या थेट आत गेल्या. मोठ्या दवाखान्यात हलवायला गाडी आणली. गाडीत मी तिचा हात धरला होता. तो रस्त्यातच गार झाला. गाडी तरी पुढे पळतच होती, भोंगा वाजवत.

मॅडम मला म्हणाल्या, "गर्भाची पिशवी फाटली होती."

"दाबल्यानं?"

त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "दाबल्याने फाटते. कळांच्या औषधाचं सलाईन जोरात सोडलं तर फाटते. फार वेळ अडकलं तरी फाटते. कशाने फाटली ते मला सांगता येणार नाही. मी असते तर दाबू दिलं नसतं, एवढंच सांगते."

"अन् तवाच सिझर केलं असतं तं?"

"कदाचित वाचली असती," त्या म्हणाल्या.

हे मी लपवत नाही. कदाचित वाचली असती. तो शब्द माझ्या डोक्यात रोज वाजतो.

जाळायच्या दिवशी शेषराव माझ्याशी बोलला नाही. तो आणि गोपाल लाकडं रचत होते आणि पुंजाराम त्यांच्या कानाशी लागला होता. रऊफ मला म्हणाला, "बंडू, ते काय समजून राहिले माहीत हाये ना तुले? सांगून टाक ना बे, वहिनी नाही म्हणाली होती म्हणून."

मी म्हणालो, "नाही. लोक म्हणतीन, आपल्या हातानं मेली. शाणपणा करायले गेली अन् मेली. त्यापेक्षा मले म्हणू दे."

"मार खाशीन."

"खाईन."

मला वाटत होतं की मी तिच्यासाठी करतो आहे.

तेरवीला, तेराव्या दिवशी, ते आले. पंगत उठली होती. अंगणात मांडव होता, बायका भांडी घासत होत्या. बाळ आत आबेदाभाभीच्या मांडीवर होतं. लीलाबाई ओट्यावर बसल्या, डोक्यावरून पदर ओढून. शेषराव, गोपाल आणि पुंजाराम माझ्यासमोर उभे राहिले.

"जवाईबुवा," शेषराव हळू आवाजात म्हणाला, "एक सांगा. सही कावून नाही केली?"

मी उष्ट्या पत्रावळी उचलायला वाकलो.

"पयलं बायंतपण आमी केलं. धडधाकट दिली तुमाले परत. दुसरं तुमच्याकडे आलं अन् आमी लाकडं रचली. सही कावून नाही केली?"

"भाऊ, बसा तं खरं," रऊफ मध्ये आला. गोपालने त्याला छातीवर धक्का दिला. "तू बाजूले हो बे. घरातली गोष्ट हाये."

"याच कानानं आयकलं मी," पुंजाराम सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला. "सिस्टर बोंबलली, तीन नंबरचा नवरा नाही म्हणून राहिला. डॉक्टर बिचारा सही मांगत होता, अन् हा ढिम्म."

शेषरावने मला मारलं. पहिला ठोसा तोंडावर बसला, दात ओठात घुसला. मी पडलो तेव्हा गोपाल पायांवर बसला. शेषराव छातीवर गुडघे रोवून बसला आणि दोन्ही हातांनी मारत राहिला, गालावर, कानावर, डोळ्यावर. मारताना तो रडत होता. त्याची लाळ माझ्या तोंडावर पडत होती. बायका ओरडत होत्या. रऊफ त्याला मागून ओढत होता, तेव्हा गोपालने मांडवाचा बांबू उपटला आणि रऊफच्या पाठीत घातला.

"म्हण!" शेषराव म्हणत होता. "मीच मारली म्हण! म्हण, मीच 'नाही' म्हटलं!"

"हो," मी म्हणालो. तोंडात रक्त भरलं होतं, थुंकून परत म्हणालो. "हो. मीच नाही म्हटलं."

शेषराव थांबला. तो उठला, धापा टाकत लोकांकडे वळला. "आयकलं? आयकलं सगळ्याइनं? मायी बहीण तं गाय होती. तिले काय कळे? डॉक्टर म्हणे कर, तं ती तयारच होती. कवाच कोणाले नाही म्हणाली नाही जिंदगीत. यानं मारली तिले."

लोकांनी माना हलवल्या. एक बाई म्हणाली, खरंच गाय होती बिचारी.

मी जमिनीवर पडून ते ऐकलं. ती तयार होती. तिला काय कळत होतं. अकोल्याला हेच म्हणाले असतील, अमरावतीचा डॉक्टर हेच म्हणाला, आणि आता तिच्या तेरवीला तिचा भाऊ हेच म्हणत होता. आणि त्यांना तसं म्हणता आलं कारण तिचं 'नाही' मी माझ्या खिशात घातलं होतं. तिच्याजवळ तेवढंच होतं. खाटेवर चार जणींनी दाबून धरल्यावरही ती तेच धरून होती, आणि मी ते घेऊन टाकलं होतं.

मी उठून बसलो. "शेषरावभाऊ."

"आता काय हाये बे?"

"ती तयार नव्हती. मी खोटं बोललो. 'नाही' तिनं म्हटलं. शकुननं."

तो लगेच समजला नाही. मग त्याचा चेहरा बदलला. "मेलेल्या बाईवर ढकलतो, बंड्या? मार चुकवासाठी?"

"मार बसला ना. अजून मार. पण नाही तिनं म्हटलं."

त्याने गोपालच्या हातातून बांबू घेतला. पहिला वार मी हातावर झेलला आणि हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. हात कोपराखाली लोंबला. मी ओरडलो, पण ओरडताना तेच ओरडलो. दुसरा वार खांद्यावर बसला, तिसरा पाठीत.

"म्हण, मी म्हटलं!"

"तिनं म्हटलं!"

"म्हण!"

"नाही म्हणत!"

त्याने बांबू डोक्यावर उगारला. तेव्हा लीलाबाई ओट्यावरून उतरून आल्या आणि त्याच्या हाताला लोंबकळल्या. "थांब. मले आयकू दे."

"आई, तू हो बाजूले."

"मले आयकू दे म्हटलं ना!" त्या माझ्यासमोर मातीत बसल्या. पदर डोक्यावरून पडला होता. "काय म्हणाली ती? तिच्या तोंडचं सांग जवाई. जसंच्या तसं."

मी सांगितलं. आत्ता नाही. मॅडमले फोन लावा. ठोके उतरले तं करा, पण मले सांगून करा, मी हो म्हणीन. मग स्टुलावरची आया सांगितली, पाय धरलेल्या दोघी सांगितल्या, तोंडावरचा हात सांगितला. अकोल्याचं मी काही सांगितलं नाही. ते सांगायचं होतं तर तिनेच सांगितलं असतं.

"विचारलं नाही तिले?" लीलाबाई म्हणाल्या.

"नाही."

शेषरावच्या हातात बांबू तसाच होता. तो गोपालला म्हणाला, "चाल अमरावतीले. त्या आयाचे हात तोडतो आज. त्या साऱ्या भवान्याइचे हात तोडतो."

"मंग इथूनच सुरू कर," लीलाबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "अकोल्याले तिचे हात मी धरले होते. ती मले सोड म्हणे, आई सोड म्हणे, अन् मी अजून घट्ट धरले. तिले मारलं मायासमोर. मी म्हटलं, गप राय, सगळ्याइले असंच होते. तोड ना. काय पाहून राहिला?"

"काय बोलून राहिली तू?"

"तुले पेढे वाटाची घाई होती. तुले कोण सांगीन?"

शेषराव तिच्या हातांकडे पाहत राहिला. मला वाटलं तो खरंच मारतो. त्याने बांबू फिरवला आणि रऊफच्या जीपच्या काचेवर घातला. एकदा, दोनदा, काच पूर्ण गळून पडेपर्यंत. मग बांबू टाकून उरलेल्या काचेवर मूठ मारली. शेषरावच्या मनगटावरून रक्त बोनेटवर गळत होतं. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मले कावून नाही सांगितलं तिनं?"

"तुमी विचारलं होतं काय?"

गोपाल खाली बसून हुंदके देत होता. लीलाबाई पदर फाडून शेषरावच्या हाताला बांधायला गेल्या, त्याने हात मागे घेतला.

गेटपाशी गल्लीतले लोक जमले होते. कोणीतरी विचारलं, "काय झालं शेषराव? जवायानं कबूल केलं काय?"

शेषरावने त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चिरका झाला होता, तरी सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "त्यानं 'नाही' म्हटलंच नाही. शकुन म्हणाली. आमची शकुन नाही म्हणाली होती. तरी बी तिच्यावर हात टाकले."

पुंजारामने डोकं हलवलं, जवळच्या माणसाकडे पाहून हलकंच हसला. "नाही म्हणाली म्हणून तं मेली मंग."

शेषरावने त्याला गळ्याला धरून गेटवर आपटलं. पत्रा वाजला. मग तो कापलेल्या हातानेच त्याला मारत राहिला, तोंडावर, जिथून ते वाक्य निघालं होतं तिथे. पुंजाराम खाली घसरला, तरी तो मारत होता. लोक माझ्याकडे पाहून ओरडले, "अरे बंडू, सोडव ना! तुया घरी मरीन तो!"

माझा एक हात मोडला होता, पण पाय धड होते. मला उठता आलं असतं. मी उठलो नाही.